दहिवेलचा पाऊण तास

उधना, सुरत
९ जानेवारी २०२४

ती. रामजीमामांना वृषालीचा जय भीम.

पत्र भटूदादांच्या हाती देते आहे. त्यांची गाडी आज संध्याकाळी मालेगावला निघेल, म्हणजे उद्या सकाळी परतीच्या वाटेवर तुम्हाला मिळेल. फोनवर तुम्हाला काही ऐकू येत नाही, त्यामुळे मला महिन्यातून दोनदा लिहायला बसावंच लागतं. आई म्हणते, एकतीस वर्षं ट्रकच्या इंजिनाशेजारी बसून भावाचे कान गेले, जीभ मात्र शाबूत राहिली. तिचे गुडघे सोडले तर ती बरी आहे.

आज एक गोष्ट सरळ विचारायची आहे. आमच्या ऑफिसात नवीन मॅनेजर आलेत, योगराजभाई. त्यांनी सगळ्या बावीस गाड्यांना यंत्रं बसवलीत. भिंतीवर मोठा पडदा आहे. गाडी चालू असली की हिरवा ठिपका, उभी राहिली की लाल. कोणती गाडी कुठे भरायची, कुठल्या रस्त्याने न्यायची, कुठे किती वेळ थांबवायची, हा तक्ता तीन वर्षं मी करते आहे. काल त्यांनी मला पडद्यासमोर उभं केलं. "वृषालीबेन, आ शुं छे?" हे काय आहे म्हणून विचारलं. मालेगावहून परतणाऱ्या दोन्ही गाड्या दहिवेलला लाल होत्या. पाऊण तास.

मी म्हटलं, पुढे घाट उतरायचा असतो, म्हणून ब्रेक आणि टायर बघून घेतात. ते हसले. म्हणाले, तिथे तुझे मामा राहतात ना?

सगळं ऑफिस ऐकत होतं. मला फार लाज वाटली, मामा. ही गोष्ट त्यांना कोणी सांगितली माहीत नाही. म्हणून विचारते, गाड्या तुमच्याकडे कामाला थांबतात की गप्पांना? मला खरं कळलं तर मी त्यांच्याशी नीट बोलू शकेन.

तुमची,
वृषाली

*

दहिवेल, ता. साक्री
१२ जानेवारी २०२४

चि. वृषालीस रामजीमामाचा जय भीम.

तुझं पत्र वाचून राग आला, म्हणून दोन दिवस थांबून लिहितो आहे.

दहिवेल सोडलं की कोंडाईबारीचा उतार लागतो. रिकामी गाडी कशीही उतरते. भरलेली गाडी मागून ढकलते. तुझा ड्रायव्हर संध्याकाळी सुरतेहून सूत घेऊन निघतो, मालेगावला उतरवतो, कोऱ्या कापडाचे तागे भरतो आणि पहाटे चारला पुन्हा बसतो. सातला इथे येतो तेव्हा त्याचे डोळे बघ एकदा. गाडी थांबली की तो तोंड धुतो आणि राघोच्या टायर दुकानाच्या बाकड्यावर अर्धा तास आडवा होतो. तेवढ्यात मी आणि राघो चाकं बघतो. मला आवाज येत नाही, पण ड्रमजवळ हात नेला की ब्रेक किती तापलाय ते कळतं. जळका वासही येतो. डिसेंबरात भटूच्या गाडीचा मागचा ब्रेक धरून बसला होता, तो असाच सापडला.

गप्पा होतात. नाही कशा होणार? भटू सुरतेहून खमण आणतो. तुमच्या उधन्याच्या बातम्या मला ओरडून सांगतो, मग पाटीवर लिहून सांगतो. रिटायर झाल्यापासून त्या पाऊण तासावरच माझा दिवस जातो, हे मी नाकारत नाही.

परवा आमचं भांडण झालं. त्याची तंबाखूची पुडी मी गटारात टाकली. मागे छाती दुखत होती त्याची. तर म्हणाला, मामा, तुम्ही माझे मालक नाही. मीही म्हटलं, मग थांबत जाऊ नकोस इथे. पुढच्या फेरीला येईल मुकाट्याने.

तुझ्या मॅनेजरला सांग, एकदा भरल्या गाडीत बसून हा घाट उतर.

रामजीमामा

*

उधना
२८ जानेवारी २०२४

ती. मामांना जय भीम.

पत्र मिळालं. लगेच उत्तर देता आलं नाही. इथे फार धावपळ आहे.

पांडेसऱ्यात आपलं कापड रंगवतात त्या प्रोसेस हाउसचं गेट साडेअकराला बंद होतं. त्याआधी गाडी आत गेली नाही तर थेट चारपर्यंत बाहेर उभी राहते, आणि मग तिला संध्याकाळी पुन्हा सोडता येत नाही. आपल्या मालेगावच्या गाड्या बाराला पोचत होत्या. मालाची पार्टी रोज ओरडत होती. त्यामुळे तक्त्यात थोडे बदल करावे लागले आहेत. ड्रायव्हर तुम्हाला पूर्वीसारखे निवांत भेटणार नाहीत, तर वाईट वाटून घेऊ नका. तुमचा वेळ जात नाही हे तुमच्या पत्रातून मला कळलं. मीच आईला घेऊन मार्चमध्ये चार दिवस येते.

एक चांगली बातमी. योगराजभाई म्हणाले, सगळी खानदेश लाइन यापुढे माझ्याकडे. धुळे, जळगाव, नंदुरबार, सगळं. मला वेगळं टेबल मिळालंय. आईने शेजारी पेढे वाटले.

वृषाली

*

दहिवेल
६ फेब्रुवारी २०२४

चि. वृषालीस जय भीम.

हे पत्र पोस्टाने पाठवतो आहे, कारण द्यायला भटू थांबला नाही. तुझं मागचं पत्र त्याने चालत्या गाडीतून राघोच्या हातात दिलं. इंजीनसुद्धा बंद केलं नाही. मी दुकानातून बाहेर येईपर्यंत गाडी वळणावर गेली होती.

म्हणजे त्याने माझं बोलणं मनात धरून ठेवलं होतं. वीस वर्षं ओळखतो मी त्याला, सुरतेत गाडीवर आला तेव्हा पहिला घाट मीच शिकवला. एका पुडीवरून इतका रुसेल असं वाटलं नव्हतं. त्याला सांग, म्हातारा बोलून गेला. थांबत जा.

बढतीची बातमी वाचली. तुझा बाप असता तर त्याने सगळ्या चाळीला सांगितलं असतं.

तू लिहितेस की तक्त्यात थोडे बदल केले. थोडे म्हणजे काय, ते लिहिलं नाहीस. दहिवेल अजून आहे ना त्यात? एवढंच कळव.

रामजीमामा

*

उधना
१९ फेब्रुवारी २०२४

ती. मामांना जय भीम.

तुम्हाला सगळं माझ्याआधीच कळलं असणार. चौदा तारखेला सकाळी साडेसातच्या सुमारास ऑफिसातल्या पडद्यावर भटूदादांची गाडी घाटात लाल झाली आणि लालच राहिली. योगराजभाईंनी त्यांना फोन लावला. कोणी उचलला नाही. दहाव्या मिनिटाला एका एसटी कंडक्टरने उचलला.

त्यांना आधी नंदुरबारला नेलं, दुसऱ्या दिवशी सुरतेला आणलं. डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. जीव वाचला. सुंदरावहिनी नवऱ्याजवळ दवाखान्यातच आहेत. मी अजून गेले नाही. जाईन.

ऑफिसात चौकशी चालू आहे. विम्याचा माणूस येऊन कागद घेऊन गेला.

तुम्ही विचारलं होतं, म्हणून लिहिते. तक्त्यात दहिवेल होतं, मामा. तिथे त्यांनी थांबायला हवं होतं. का थांबले नाहीत ते तेच सांगू शकतील.

तुम्ही तब्येतीला जपा.

वृषाली

*

दहिवेल
२४ फेब्रुवारी २०२४

चि. वृषालीस.

तुझं पत्र आलं. त्यातली एक ओळ मी पुन्हापुन्हा वाचतो आहे. तक्त्यात दहिवेल होतं, आणि तो थांबला नाही.

मग माझ्यामुळेच थांबला नाही.

त्या दिवशी मी दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. त्याची गाडी आली. त्याने काचेतून हात वर केला. मला दिसला. मी हात वर केला नाही. दोन आठवडे तो न थांबता निघून जात होता, त्याचा राग होता. मनात म्हटलं, थांबायचं असेल तर थांब, लांबून हात कसले दाखवतोस. तो पुढे गेला. मला वाटतं, तो वेग कमी करत होता. माझा हात वर आला असता तर त्याने गाडी बाजूला घेतली असती.

पंधरा मिनिटांनी लोक घाटाकडे पळायला लागले. राघोने मला जीपमध्ये ओढलं. गाडी डोंगराच्या अंगाला आडवी पडली होती आणि सगळ्या रस्त्यावर कापड पसरलं होतं. उतारावर ब्रेक लागेना आणि समोरून एसटी चढत होती, म्हणून त्याने गाडी डोंगरावर घातली, असं एसटीच्या ड्रायव्हरने लिहून दाखवलं. पलीकडे दरी आहे. बसमध्ये चाळीस माणसं होती.

केबिन चेपलं होतं. भटूचं डोकं मी मांडीवर घेतलं. तो शुद्धीवर होता. त्याचे ओठ हलत होते. माझ्याकडे बघून तो काहीतरी सांगत होता, एकच गोष्ट, तीन-चार वेळा. मला काही ऐकू आलं नाही. राघो पलीकडे पत्रा उचलत होता, त्यानेही ऐकलं नाही. मला वाटतं तो शिव्या देत होता. द्यायलाच हव्यात.

मी आता दुकानावर बसत नाही. राघोला सांगितलं, मी येणार नाही. गाड्या जातात त्या घरातून दिसतात, म्हणून ती खिडकी लावून घेतली.

सुंदराबाईला पत्र लिहून ठेवलं आहे. तुझा नवरा माझ्या हट्टापायी थांबला नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे. गोडादऱ्यातला तिचा पत्ता पाठव.

रामजी

*

उधना
२८ फेब्रुवारी २०२४

ती. मामांना.

सुंदरावहिनींना ते पत्र पाठवू नका. आधी हे वाचा.

तक्त्यात दहिवेल नव्हतं. मी खोटं लिहिलं.

सत्तावीस जानेवारीला योगराजभाईंनी मला आत बोलावलं. म्हणाले, पाऊण तास काढ, गाडी सव्वाअकराला गेटवर येते, संध्याकाळी पुन्हा निघते, आणि खानदेश लाइन तुझी. त्यांनी दम दिला नाही, मामा. दम दिला असता तर मला आज काहीतरी सांगता आलं असतं. मी तुमचं पत्र आठवलं. त्यात ब्रेकचं होतं, झोपेचं होतं, डिसेंबरात अडकलेल्या चाकाचं होतं. मी त्यातलं एकच वाक्य उचललं, की त्या पाऊण तासावर तुमचा दिवस जातो. स्वतःला म्हटलं, मामांना सोबत हवी आहे, बाकी सगळं त्यासाठी लिहिलंय. आणि ती ओळ तक्त्यातून काढली. एक मिनिटही लागलं नाही.

त्याच संध्याकाळी भटूदादा चिठ्ठी घेऊन माझ्या टेबलाशी आले. "ताई, दहिवेल कोठे गयं?" मी म्हटलं, वरून आलंय. ते बरं म्हणाले. त्यानंतर पाच मिनिटांपेक्षा जास्त गाडी लाल दिसली की योगराजभाई ड्रायव्हरला फोन करायचे. भटूदादा तुमच्यावर रुसले नव्हते. त्यांना थांबायची परवानगी नव्हती. तुम्ही दोन्ही हात वर केले असते तरी ते पुढेच गेले असते.

आणखी आहे. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी योगराजभाईंनी मला जुना तक्ता काढायला लावला. दहिवेल असलेला. त्यावर फेब्रुवारीची तारीख घातली. मी सही केली. तोच कागद विम्याच्या माणसाने नेला. आता कागदावर असं आहे, की ऑफिसने विश्रांती दिली होती आणि ड्रायव्हरने घेतली नाही. त्या सहीनंतर चार दिवसांनी मी तुम्हाला पत्र लिहिलं. तोवर ते वाक्य मला तोंडपाठ झालं होतं, म्हणून तुम्हालाही तेच लिहिलं. ते जाऊन तुमच्यावर पडेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

भटूदादांच्या जागी त्या फेरीवर आता धर्मेंद्र नावाचा ड्रायव्हर आहे. तीस वर्षांचा, घाटाला नवा. त्याच्या फोनमध्ये अजून बिनथांब्याचाच तक्ता जातो. कागदावर एक, फोनमध्ये दुसरा. आज संध्याकाळीही तो माझ्याच हातून गेला.

दवाखान्यात मी दोनदा दारापर्यंत गेले आणि परत आले. काय करू ते सांगा.

वृषाली

*

दहिवेल
३ मार्च २०२४

वृषाली,

तुझं पत्र काल आलं. रात्र मी कशी काढली ते लिहीत नाही.

तुला वाटत असेल की खरं सांगून तू माझं ओझं उतरवलंस. मी हात वर केला नाही तो नाहीच केला. पण आठवडाभर मी एका मेल्या माणसासारखा बसून होतो आणि तुला त्याचं कारण ठाऊक होतं. त्याबद्दल माझ्या मनात काय आहे ते पुढे कधीतरी बोलू. आत्ता नाही.

आज सकाळी मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो आणि तुझ्या धर्मेंद्रची गाडी अडवली. पोरगा घाबरला. फोन दाखवत होता; लाल होईल म्हणतोय, असं राघोने मला लिहून दाखवलं. मी म्हटलं, होऊ दे. मागच्या डाव्या ड्रमला हात लावला तर चटका बसला. त्याला झोपवलं आणि गाडी थंड केली. तेवढ्यात त्याच्या फोनवर सात वेळा कोणाचा तरी फोन आला. हे पत्र त्याच्याच हाती देतो आहे.

मी रोज रस्त्यात उभा राहू शकत नाही. मी सत्तरीचा आहे.

काय करू विचारतेस. लोकांना कुठून कुठे कसं जायचं हे सांगण्याचं काम करतेस, तर तुलाही तसंच सांगतो. आधी धर्मेंद्रची गाडी. मग सुंदराबाई. मग तो सहीचा कागद. ह्याच क्रमाने.

सुंदराबाईला लिहिलेलं पत्र मी फाडलं. तिला सांगायचं ते तुझ्या तोंडूनच जायला हवं.

रामजी

*

उधना
१३ मार्च २०२४

ती. मामांना जय भीम.

गाडीचं झालं.

त्या दिवशी धर्मेंद्रचं गेट चुकलं, त्यामुळे तुमचं पत्र चार तारखेला दुपारी मिळालं. आमच्या यार्डात रोज संध्याकाळी पाचला सगळे ड्रायव्हर चिठ्ठ्या घ्यायला जमतात. त्या दिवशी मी टेबलावर बसले नाही, चिठ्ठ्या घेऊन खाली यार्डात गेले. दोन्ही तक्ते बरोबर होते. त्यातला एक धर्मेंद्रला धरायला दिला.

मी सांगितलं की सत्तावीस जानेवारीला दहिवेलचा थांबा मी काढला, आणि अपघातानंतर कागदावर तो परत घातला, तोही मीच. भटूदादांची चूक नव्हती.  मागे टेम्पोत धाग्याचे खोके चढवत होते.

योगराजभाई जिन्यावरून उतरले. म्हणाले, "बेन, वर या. इथे तमाशा नको."

मी म्हटलं, आजच्या गाडीत दहिवेल घालून देते, मग वर येते.

"गेट चुकेल."

"चुकू दे. गाडी चारपर्यंत बाहेर उभी राहील. तिथे ती उभी राहिली तर कोणी मरत नाही."

ते धर्मेंद्रकडे वळले आणि म्हणाले, तू निघ, रोजच्याच टायमाने, न थांबता. धर्मेंद्रने खिशातून चावी काढली आणि त्यांच्यासमोर गाडीच्या बंपरवर ठेवली. एवढंच म्हणाला, "भाई, मग तुम्हीच न्या." त्याच्या मागून जळगावच्या गाडीची चावी आली. मग धुळ्याची. अकरा चाव्या झाल्या, मामा. त्यातले निम्मे मला शिव्या देत होते. एकाने माझ्या पायाशी थुंकलंही. पण चावी त्यानेही ठेवली.

सहाला कंपनीचे मालक, शेठ, आले. सातपर्यंत बोलणं चाललं. मालेगावच्या परतीच्या गाड्यांना दहिवेल परत मिळालं आहे, यंत्रातसुद्धा. तिथे लाल दिसली तर फोन करायचा नाही, असं ठरलं. माझ्याच हातून तक्ता भरून घेतला आणि मग सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.

कागदाचंही झालं. नऊ तारखेला विम्याच्या माणसाला जाऊन भेटले. दोन्ही तक्ते दिले आणि खोटी तारीख कोणी, कधी घातली ते लिहून सही केली. ते म्हणाले, यात तुमच्यावरही केस होऊ शकते. मी म्हटलं, माहीत आहे. पोलिसांतही तोच जबाब दिला. पुढे काय होतं ते बघू.

आईला सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आता बोलते.

सुंदरावहिनींकडे या आठवड्यात जाईन.

वृषाली

*

दहिवेल
१८ मार्च २०२४

चि. वृषालीस जय भीम.

धर्मेंद्र रोज थांबतो. मी पुन्हा दुकानावर बसायला लागलो.

तू क्रम बदललास. यार्डात सगळ्यांसमोर बोललीस, विम्याच्या माणसासमोर सही केलीस. ते सोपं होतं असं मी म्हणत नाही. पण त्या दोन्ही ठिकाणी एक माणूस नव्हता, आणि तो जिथे आहे तिथे तू अजून गेली नाहीस.

भटूला घरी सोडलंय असं धर्मेंद्र सांगतो. जा.

रामजीमामा

*

उधना
६ एप्रिल २०२४

ती. मामांना जय भीम.

गेले. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी गेले. काय झालं ते लिहायला दोन आठवडे लागले.

गोडादऱ्यात त्यांची पहिल्या मजल्यावर एक खोली आहे. सुंदरावहिनी दाराशी बसून साड्यांचे धागे कापत होत्या. घरी बसून करता येतं म्हणून हे काम त्यांनी नव्याने धरलंय. बाजूला साड्यांचा ढीग होता. भटूदादा आत खाटेवर झोपले होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. मधे थांबले असते तर पुढचं बोलता आलं नसतं.

त्यांनी कात्री थांबवली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "त्यासनी तुले इचारं व्हतं ना, दहिवेल कोठे गयं म्हणीसन?"

मी हो म्हटलं.

"तव्हय काय सांगं तू?"

वरून आलंय म्हणून सांगितलं, असं मी म्हणाले. तेव्हा त्यांनी मान वर केली. म्हणाल्या, "घर आईसन माले त्यासनी तेच सांगं. ताई बिचारी काय करी, वरतून येल शे. तुन्हा कड लिधा त्यासनी." भटूदादांनी घरी माझीच बाजू घेतली होती, मामा. मग उठून त्या आत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

जिना उतरताना मी एका पायरीवर बसले. 

चार दिवसांनी पुन्हा गेले. वहिनींनी दार उघडलं, बोलल्या नाहीत, पण भटूदादांनी आतून हाक मारली. ते फार वाळलेत. मी त्यांच्यासमोर पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ते माझ्याकडे वळले. म्हणाले, तू काढलंस हे मला वाईट वाटलं ताई, फार वाटलं. पण तुझ्या तोंडून ऐकलं हे बरं झालं. मग तुमची चौकशी केली. त्या दिवशी तुमच्या मांडीवर असताना ते काय म्हणत होते, हे तुम्हाला कळलं नाही, म्हणून मी विचारलं. त्यांना नीट आठवतंय. ते म्हणत होते, "मामा, चाबी काढी ल्या. डिझेल गळी ऱ्हायनं." गाडी पेट घेईल आणि तुम्हीही सापडाल, अशी त्यांना भीती होती. शिव्या नव्हत्या, मामा. हे तुम्हाला कळवायला आधीच उशीर झाला, म्हणून हे पत्र आजच टाकते आहे.

विम्याचा निर्णय अजून नाही. पण त्यांनी भटूदादांकडे पुन्हा माणूस पाठवला आणि आधीचा शेरा मागे घेतला आहे. मला पोलिसांनी एकदा बोलावलं होतं, पुढची तारीख मे महिन्यात आहे. एका औषधांच्या घाऊक दुकानात मला काम मिळालंय. त्यांच्या छोट्या गाड्या शहरातल्या शहरात फिरतात, त्यांचा तक्ता करायचा. मागच्या ऑफिसात काय झालं ते त्यांनी कामावर घ्यायच्या आधीच मी सांगितलं होतं. मालकीणबाई सरलाबाई म्हणून आहेत. त्या म्हणाल्या, पहिले तीन महिने प्रत्येक तक्ता मी स्वतः बघेन. मी म्हटलं, बघा.

मी दर रविवारी आणि मधल्या एखाद्या दिवशी गोडादऱ्याला जाते. वहिनींच्या शेजारी बसून धागे कापते. त्या माझ्याशी बोलत नाहीत. मी कापलेली साडी पुन्हा उलगडून बघतात आणि मग घडी घालतात. काल निघायला उठले, चप्पल घातली, तेव्हा त्यांनी ढिगाकडे बघतच विचारलं, "सोमवारे कतारगामले जानं शे, पाय बसाडाले. कितला वाजता निंघानं?"

कृत्रिम पाय बसवायला कतारगामला जायचं, भटूदादांना रिक्षात सावकाश बसवायला वेळ लागणार. नऊनंतर रिंग रोडवर मार्केटच्या टेम्पोंची गर्दी होते. दहाला नंबर आहे. मी मनात सगळा रस्ता धरला आणि म्हटलं, सव्वाआठला निघू. मी आठला येते.

त्यांनी पुढची साडी ओढली आणि विचारलं, "लिंबायतकडथून जावानं का उधनाकडथून?"

मी उधन्याकडून म्हटलं. त्यांनी मान हलवली.

परवा सोमवार आहे. आठला मी त्यांच्या दारात असेन.

तुमची,
वृषाली